करारातील कलम आणि अवकाशातील श्वापद

अवकाशप्रवासाच्या चित्रपटांविषयी सुशिक्षित प्रेक्षकाचा एक आक्षेप ठरलेला आहे. यानातील माणसे मूर्खासारखी वागतात, हा तो आक्षेप. अनोळखी ग्रहावर पाऊल पडते न पडते तोच कोणी तरी शिरस्त्राण उतरवतो. ज्या वस्तूला हात लावू नये तिलाच हात लावतो. संकट समोर ठाकले असता सर्वांनी एकत्र राहण्याऐवजी दोघे एका बाजूला आणि तिघे दुसऱ्या बाजूला पांगतात. आणि ज्या एकाला थोडेफार शहाणपण आहे त्याचे कोणी ऐकत नाही. या प्रसंगांची इतकी पुनरावृत्ती झाली आहे की पुढचा बळी कोण, हे प्रेक्षक पडद्याच्या आधी सांगू शकतो. पटकथाकाराची सोय यात उघड आहे. श्वापदाला भक्ष्य पुरवावयाचे असते, आणि भक्ष्य स्वतःच्या पायांनी चालत गेले तर लेखकाचे श्रम वाचतात.

आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे. तथापि ज्या चित्रपटाने हा साचा जगभर रूढ केला, त्या ‘एलियन’ला तो लागू करताना प्रेक्षक घाई करतो. रिडले स्कॉट यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९७९ साली प्रदर्शित झाला. त्यातील सातांपैकी सहा माणसे संकटाच्या तोंडी जातात हे खरे. परंतु त्यांपैकी एकही मूर्ख नाही. प्रत्येक जण आपल्याजवळ असलेल्या माहितीप्रमाणे आणि आपल्याला मिळणाऱ्या मोबदल्याप्रमाणे वागतो. माहिती अपुरी आहे आणि मोबदल्याला अटी आहेत. या दोन्ही गोष्टी ज्यांनी ठरविल्या ते यानात नाहीत, ही या कथेतील मुख्य गोष्ट होय.

कथेचा सांगाडा नवा नव्हता. यानात शिरलेला परग्रहावरील हिंस्र जीव एकेकाला गाठतो आणि अखेर यानाची दारे उघडून त्याचा श्वास कोंडावा लागतो, हे १९५८ च्या ‘इट! द टेरर फ्रॉम बियाँड स्पेस’ या स्वस्तातल्या चित्रपटात घडून गेले होते. माणसांच्या जिवापेक्षा परग्रहावरील जीव मोलाचा मानणारा शास्त्रज्ञ १९५१ च्या ‘द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड’मध्ये येऊन गेला होता. पटकथाकार डॅन ओ’बॅनन यांनी स्वतः १९७४ च्या ‘डार्क स्टार’मध्ये कंटाळलेल्या अंतराळवीरांची गोष्ट विनोदी अंगाने लिहिली होती, त्यातील परग्रहवासी म्हणजे समुद्रकिनारी खेळावयाचा फुगीर चेंडू होता. सांगाडा उसना आणि आशय वेगळा, असे कलेत नेहमीच चालते. ‘एलियन’ने वेगळे केले ते एवढेच, की अवकाशातल्या माणसांना वीर न मानता नोकरदार मानले.

‘नोस्ट्रोमो’ हे त्यांचे यान ओढकाम करणारे मालवाहू जहाज आहे. ते दोन कोटी टन खनिज पृथ्वीकडे घेऊन निघाले आहे. दीर्घ निद्रेतून उठलेली माणसे न्याहारीला बसतात आणि पहिला महत्त्वाचा विषय निघतो तो बोनसचा! तळमजल्यावर यंत्रे सांभाळणारे पार्कर आणि ब्रेट यांना इतरांपेक्षा कमी हिस्सा मिळतो. करारात जे लिहिले तेच मिळेल, असे कप्तान डॅलस सांगतो. बाकीच्यांच्या करारात जास्त लिहिले आहे, हीच तर आमची तक्रार, असे ब्रेटचे उत्तर आहे. वरच्या मजल्यावरील मंडळी खाली फारशी उतरत नाहीत, हीदेखील त्यांची तक्रार आहे. अवकाशात ना जात, ना वर्ग, अशी भाबडी समजूत असणाऱ्यांना हा प्रसंग क्षुल्लक वाटेल. परंतु पुढील सारी कथा याच न्याहारीच्या मेजावर बेतली गेली आहे.

हिश्श्याची ही पद्धत लेखकांनी हवेतून आणलेली नाही. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन देवमासेमारीच्या गलबतांवर खलाशांना पगार नसे, नफ्याचा ठरावीक भाग असे; मेल्व्हिलच्या १८५१ च्या ‘मोबी डिक’मध्ये निवेदक इश्माएल तीनशेव्या हिश्श्यावर नोकरी पत्करतो. कोकण किनाऱ्यावरच्या होड्यांवरही होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा आणि माणसाचा वाटा असा हिशेब चालत आला आहे. यानाचे नावही असेच बोलके आहे. ‘नोस्ट्रोमो’ ही जोसेफ कॉनरॅड यांची १९०४ ची कादंबरी. चांदीच्या खाणीभोवती फिरणाऱ्या त्या कथेत गोदीकामगारांचा विश्वासू मुकादम कंपनीच्या कामी आपले सर्वस्व पणाला लावतो आणि आपला केवळ वापर झाला, हे त्याला उशिरा उमजते. कॉनरॅड स्वतः व्यापारी जहाजांवर वर्षानुवर्षे राबलेले होते. नाव ठेवणाऱ्याला हे सर्व ठाऊक असणारच.

यान वाटेत थांबते ते एका अज्ञात संदेशामुळे. पार्करचा विरोध स्वच्छ आहे. हे मालवाहू जहाज आहे, बचावकार्याचे नव्हे. असल्या कामाचा करार झालेला नाही. पैसे देणार असाल तर बोला. त्यावर विज्ञान-अधिकारी ॲश शांतपणे करारातील कलम वाचून दाखवितो. बुद्धिमान जीवाकडून आला असण्याचा संभव असलेल्या प्रत्येक संदेशाचा शोध घेणे बंधनकारक आहे, आणि न घेतल्यास संपूर्ण हिस्सा जप्त. पार्कर तत्क्षणी राजी होतो. येथे प्रेक्षक हसतो, आणि हसावे असाच तो प्रसंग रचलेला आहे. परंतु दीर्घ काळ घराबाहेर राबून मिळवलेला एकूण एक पैसा एका वाक्याने बुडणार असेल, तर नकार देणारा माणूस कोठून आणावयाचा? अनोळखी ग्रहावर उतरण्याचा जो निर्णय या प्रकारच्या चित्रपटांत सहसा कुतूहलाच्या किंवा साहसाच्या नावावर खपविला जातो, तो येथे कलमाच्या बळावर झाला आहे.

इंग्लंडच्या जुन्या सागरी कायद्यात भाडे ही वेतनाची जननी मानली जाई. जहाज माल पोहोचवून भाडे कमावू शकले नाही, वाटेत बुडाले, तर वाचलेल्या खलाशालाही वेतनाचा हक्क उरत नसे. हा नियम १८५४ च्या कायद्याने गेला. तरीही जीर्ण जहाजावर वाजवीपेक्षा अधिक माल लादून आणि भरपूर विमा उतरवून ते समुद्रात सोडण्याची चाल थांबली नाही, आणि एकदा करारावर सही केल्यावर अशा जहाजावर चढण्यास नकार देणाऱ्या खलाशाला तुरुंग दाखविला जाई. सॅम्युएल प्लिम्सॉल या खासदाराने त्याविरुद्ध रान उठविले तेव्हा १८७६ साली जहाजाच्या बाजूवर भाररेषा आखणे सक्तीचे झाले. रत्नागिरी जिल्ह्यातील जे खलाशी ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींवर राबले, त्यांचे करार गोऱ्या खलाशांहून निराळे आणि वेतन पुष्कळच कमी असे. पार्कर आणि ब्रेट यांची तक्रार त्यांना समजावून सांगावी लागली नसती.

अर्थात कामगार म्हणजे भोळा, असेही चित्रपट मानत नाही. उतरताना यान नादुरुस्त होते, तेव्हा सतरा तासांचे काम पंचवीस तासांचे म्हणून वर कळविले जाते. रिप्ली ही अधिकारी खाली चौकशीला येते तेव्हा पार्कर वाफेचा झोत मुद्दाम चालू ठेवतो, म्हणजे बोलणे ऐकू येऊ नये. माहिती दडवण्याचा हा गरिबाचा मार्ग आहे. जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावरून दाखवून दिले, की एका पक्षाला जास्त आणि दुसऱ्याला कमी माहिती असली की सारा व्यवहारच विकृत होतो. त्यास २००१ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. यानात खालचा मजला वरच्यापासून आठ तास दडवतो. वरचा मजला काय दडवतो, हे मात्र वरच्या मजल्यालाही ठाऊक नसते.

रिप्लीचे वागणे या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. केन या सहकाऱ्याच्या तोंडाला चिकटलेल्या जीवासकट कप्तान यानाच्या दारी येतो आणि दार उघडण्याची आज्ञा देतो. रिप्ली नकार देते. चोवीस तास विलगीकरण हा नियम आहे; आत घेतले तर सारेच मरतील. बाहेर मित्र गुदमरत असताना नियम सांगणारी ही बाई पहिल्यांदा पाहणाऱ्याला निर्दय वाटते. २०२० च्या करोना साथीनंतर, जेव्हा विलगीकरण हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला, तेव्हापासून तिच्याकडे पाहण्याची नजर बदलली असल्यास नवल नाही. दार उघडतो तो ॲश. त्याने सहकाऱ्याबद्दलच्या दयेने उघडले असेल, अशी सर्वांची समजूत होते. पुढे रिप्ली कप्तानाला विचारते की असा निर्णय त्याच्यावर का सोडला. कप्तानाचे उत्तर कोणत्याही कचेरीत ऐकू येईल असे आहे. विज्ञानाच्या बाबतीत अखेरचा शब्द त्याचा, तसा वरून हुकूम आहे. आणि वरून सांगतील ते करणे हीच आपली रीत. याच संभाषणात एक बारीकशी गोष्ट कळते. पाच फेऱ्या बरोबर असलेला विज्ञान-अधिकारी निघण्यापूर्वी दोन दिवस बदलण्यात आला आणि त्याच्या जागी ॲश आला.

मग ज्याची थट्टा सर्वाधिक होते तो प्रसंग. केनची छाती फोडून तो जीव पळाला आहे, आणि अशा वेळी ब्रेट एकटाच मांजर शोधावयास जातो. असे कोण करील? परंतु प्रसंगाची कारणपरंपरा नीट लावलेली आहे. हाती असलेले शोधयंत्र हालचाल टिपते. मांजरामुळे ते पुन्हा फसू नये म्हणून मांजर पकडले पाहिजे. शिवाय ज्याचा शोध चालू आहे तो जीव वीतभर लांबीचा आहे, अशीच सर्वांची माहिती. काही तासांत तो माणसाहून थोराड झाला असेल, हे समजण्यास त्यांच्यापाशी कोणताही आधार नाही. प्रेक्षकापाशी असतो, कारण प्रेक्षकाने तिकीट काढताना जाहिरात पाहिलेली असते! प्रेक्षकाची माहिती पात्राच्या डोक्यावर लादून त्याला मूर्ख ठरविणे, ही या आक्षेपातील जुनी चूक आहे. कप्तान डॅलसच्या मृत्यूनंतर यान सोडून पळण्याची सूचना निघते तीही अशीच अडते, कारण लहान नौका चौघांना पुरत नाही.

कप्तान गेल्यावर ‘मदर’ या मुख्य संगणकाची किल्ली रिप्लीच्या हाती येते आणि विशेष आदेश क्रमांक ९३७ उघड होतो. यान मुद्दामच या मार्गाने वळविण्यात आले होते. परग्रहावरील जीव परत आणणे हे पहिले काम, इतर सर्व विचार गौण, आणि कर्मचाऱ्यांचा बळी गेला तरी चालेल. ॲश हा यंत्रमानव असून या आदेशाचा तो अंमलदार आहे. वॉल्टर हिल आणि डेव्हिड गायलर या निर्मात्यांनी पटकथेच्या पुनर्लेखनात हे पात्र घातले, आणि त्यामुळे एका भयकथेचे रूपांतर श्रमसंबंधांच्या कथेत झाले. ओ’बॅनन यांना ही भर रुचली नव्हती. येथे निर्मात्यांचा निर्णय मूळ लेखकापेक्षा शहाणा ठरला, असे म्हणणे भाग आहे.

ॲडम स्मिथ यांनी १७७६ साली मांडले होते की काम जितके कष्टाचे आणि किळसवाणे, तितके त्याचे वेतन चढे असावे लागते. पुढील अर्थशास्त्राने या विचारात धोक्याचीही किंमत धरली. खाणीत उतरणाऱ्याला जास्त पैसे मिळतात आणि तो समजूनउमजून उतरतो, असे पाठ्यपुस्तक सांगते. या सिद्धांताचा पाया एकच, की कामगाराला धोका ठाऊक असला पाहिजे. ‘नोस्ट्रोमो’वर धोका ठाऊक होता, पण तो मालकाला. तो सहा जणांना सांगितला असता तर एक तर त्यांनी नकार दिला असता किंवा फार मोठी किंमत मागितली असती. न सांगता तेच काम जप्तीच्या एका कलमात उरकले. दुर्दैवाचा भाग असा, की संकटातील जहाजाच्या हाकेला धावून जाणे हे समुद्रावरचे फार जुने कर्तव्य आहे, आणि कंपनीने सापळ्यासाठी नेमके तेच निवडले. तो संदेश मदतीची हाक नसून दूर राहण्याचा इशारा असावा, हे रिप्लीच्या ध्यानात येते तेव्हा तिघे जण बाहेर पडून गेलेले असतात.

हे सर्व कल्पनेतले म्हणून सोडून देता येत नाही. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ हे अमेरिकन अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटले आणि सात जण गेले. आदल्या रात्री अग्निबाण बनविणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी, कडाक्याच्या थंडीत सांध्यांतील रबरी कडी नीट काम करणार नाहीत, म्हणून उड्डाण नको असे सांगितले होते. कंपनीच्या व्यवस्थापकांनी त्यांचे मत बाजूला सारून संमती दिली. या वादाचा एक शब्दही यानात बसणाऱ्या सातांपर्यंत पोहोचला नाही. १६ जानेवारी २००३ रोजी निघालेल्या ‘कोलंबिया’च्या डाव्या पंखावर फेसाचा तुकडा आदळला होता. काही अभियंत्यांनी नुकसान पाहण्यासाठी छायाचित्रे मागितली. ती घेतली गेली नाहीत. यानातील मंडळींना संदेश गेला तो, काळजीचे कारण नाही, असा. १ फेब्रुवारीला परततीच्या वाटेवर यान विखुरले. हरियाणातील कर्नालच्या कल्पना चावला त्यात होत्या. चौकशी मंडळाने फेसाच्या तुकड्याइतकाच दोष संस्थेच्या कारभारपद्धतीला दिला. या दोन्ही यानांतील कोणी चुकीचे दार उघडले नव्हते किंवा मांजर शोधत फिरले नव्हते.

कसलेल्या दिग्दर्शकालाही हे तंत्र प्रत्येक वेळी साधते असे नाही. खुद्द स्कॉट यांनीच २०१२ साली ‘प्रॉमिथिअस’ काढला आणि सुरुवातीला सांगितलेला आक्षेप तेथे पुरेपूर लागू पडतो. अफाट खर्चाच्या मोहिमेवरील शास्त्रज्ञ परक्या ग्रहावरची हवा श्वसनीय आहे एवढे कळताच शिरस्त्राण काढतो. रोगजंतूंचा विचार त्याच्या मनाला शिवत नाही. गुहेचा नकाशा काढणारी यंत्रे ज्याच्या मालकीची, तो भूशास्त्रज्ञच गुहेत वाट चुकतो. जीवशास्त्रज्ञ सापासारखा फणा काढलेल्या प्राण्याला लाडाने चुचकारतो. येथेही कंपनी आहे, गुपित आहे, यंत्रमानव आहे. कामगारांना मोहिमेचा उद्देश पोहोचल्यावरच सांगितला जातो. सामग्री तीच असताना परिणाम होत नाही, कारण पात्रांच्या चुका त्या गुपितातून निघत नाहीत. भूशास्त्रज्ञ आपण पैशासाठी आलो असे तोंडाने सांगतो, पण त्या पैशाच्या अटी कोणत्या, हे प्रेक्षकाला कधीच कळत नाही. त्यामुळे त्याचे मरण हे केवळ लेखकाच्या सोयीचे मरण ठरते.

जेम्स कॅमेरॉन यांनी मात्र १९८६ च्या ‘एलियन्स’मध्ये मूळ धागा अचूक उचलला. सत्तावन्न वर्षांच्या निद्रेनंतर रिप्ली सापडते आणि चौकशी मंडळापुढे उभी केली जाते. सहा सहकारी कसे गेले यापेक्षा चार कोटी वीस लाख डॉलरचे जहाज तिने का उडविले, हा मंडळाचा प्रश्न आहे. तिचा परवाना बेमुदत निलंबित होतो आणि ती गोदीत माल उचलण्याचे काम करू लागते. दरम्यान त्याच ग्रहावर बायकामुलांसह वसाहत वसली आहे, आणि बर्क नावाचा गोडबोल्या अधिकारी तेथील लोकांना धोक्याची कल्पना न देता त्या जागेचा तपास करावयास लावतो. धोका जाहीर केला असता तर सरकार मध्ये पडले असते आणि शोधावर कोणाचाच एकट्याचा हक्क राहिला नसता, हे त्याचे स्पष्टीकरण. झाल्या प्रकाराला तो अंदाज चुकला एवढेच म्हणतो.

२०२४ च्या ‘एलियन: रोम्युलस’मध्ये फेडे अल्व्हारेझ यांनी हाच धागा खाणकामगारांच्या पोरांपर्यंत नेला आहे. सूर्य न दिसणाऱ्या वसाहतीत आईबापांना खाणीने नेलेली रेन ही मुलगी ठरलेले तास भरून सुटकेचा कागद मागण्यासाठी खिडकीपाशी जाते. मजूर कमी पडत असल्यामुळे तासांची अट वाढविण्यात आली आहे, असे खिडकीतली बाई तिला सांगते. आता आणखी पाच-सहा वर्षे, आणि तीही खाणीत. मुदत एका पक्षाने परस्पर वाढविण्याची ही रीत ज्यांना ओळखीची वाटते त्यांना भारताचा १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा कशासाठी करावा लागला, हे वेगळे सांगावयास नको. रत्नागिरीकडून मॉरिशसला गिरमिटावर गेलेल्यांच्या वंशजांनाही ती खिडकी परकी वाटू नये. रेनच्या मागे बरीच माणसे रांगेत उभी आहेत. खिडकीतली बाई कंपनीच्या वतीने तिचे आभार मानते आणि पुढच्याला बोलावते. त्यानंतर ती आणि तिचे सोबती एका बेवारस अवकाशस्थानकात, आत काय आहे याची माहिती नसताना, शिरतात.